मोड की नाणं?

जून लागला, पहिला जोराचा पाऊस पडून गेला, की आमच्या भागात पोरं पांढरीवर फिरायला लागतात. पांढरी म्हणजे गावाची जुनी मोडलेली वस्ती. पिढ्यान्‌पिढ्या मातीच्या भिंती विरघळून तयार झालेला राखाडी उंचवटा. तिथली माती गाडीनं नेऊन शेतात टाकायची, पीक चांगलं येतं, हे प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक. पावसानं वरचा थर धुतला की मणी दिसतात, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे दिसतात, आणि एखाद्या वर्षी नखाएवढी हिरवट-काळी चकती. घरी आणून चिंच-मिठानं घासली की तिच्यावर हत्ती निघतो.

सोंड वर केलेला हत्ती, कडेनं ब्राह्मी अक्षरं. मागच्या बाजूला अधिकाच्या खुणेसारख्या दोन रेघा आणि त्यांच्या चारही टोकांना एकेक वर्तुळ. या खुणेला नाण्यांच्या पुस्तकात उज्जैन चिन्ह म्हणतात. नाणं सातवाहनांचं, आणि धातू पोटीन, म्हणजे तांबं, कथील, शिसं यांचं मिश्रण. पोराच्या बापाला यातलं काही माहीत नसतं. तो बाजाराच्या दिवशी मेहकरला जातो, सराफाच्या पाटावर चकती ठेवतो आणि विचारतो, “भाऊ, कायचं हाय हे?”

जुन्या नाण्यांच्या धंद्याची सगळी नीती या प्रश्नाच्या उत्तरात आहे. सराफ म्हणाला “मोड आहे”, तर चकती भंगारात जाते. म्हणाला “नाणं आहे”, तर लगेच पुढचा प्रश्न येतो, “किती द्याल?” तिसरंही एक उत्तर असतं, आणि तेच जास्त वेळा दिलं जातं. तोंडानं मोड म्हणायचं, मनात नाणं म्हणायचं, आणि हातावर शंभराची नोट ठेवायची.

हिवरा आश्रमला बसून नाण्यांवर लिहिणं जरा गमतीचंच. हे गाव शुकदास महाराजांच्या विवेकानंद आश्रमासाठी ओळखलं जातं. जानेवारीत विवेकानंद जयंतीला इथं जो महाप्रसाद होतो, त्यात पुरी आणि वांग्याची भाजी ट्रॅक्टरमधून पंगतीला वाढतात, इतकी माणसं असतात. अशा यात्रेच्या दिवसांत रस्त्याकडेला पालं लागतात. अशाच एका पालावर, बांगड्या आणि भिंगांच्या मध्ये, प्लॅस्टिकच्या डब्यात नाणी पडलेली मला दिसली. त्यात एक शिवराई होती. विक्रेत्यानं तीनशे सांगितले. मी विचारलं, “खरी आहे ना?” तो म्हणाला, “दादा, मले एवढंच ठाव हाय का म्या ती शंभराले घेतली.”

घरी येऊन भिंगाखाली धरली तेव्हा खोटी निघाली. खरी शिवराई हातोड्यानं पाडलेली असते. तांब्याचा कापलेला तुकडा ठशावर ठेवायचा आणि वरून घाव घालायचा. ठसा बहुधा तुकड्यापेक्षा मोठा, त्यामुळे एका बाजूचं ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूचं ‘छत्रपति’ पूर्ण असं क्वचितच उमटतं. कुठं ‘श्री’ निम्मी कापलेली, कुठं ‘ति’ कडेबाहेर गेलेली. घावाखाली धातू सरकतो, म्हणून अक्षरांच्या कडा धारदार राहतात. माझ्या शिवराईवर सगळी अक्षरं सुरेख मध्यभागी बसली होती. त्यांच्या कडा वापरलेल्या साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत, पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे खड्डे, आणि काठावर एक बारीक शिवण. साच्यात ओतलेलं नाणं असं दिसतं. वर हिरवा रंग चढवलेला होता, तो नखानं खरवडला तर निघाला. तीनशे रुपये गेले, पण त्या माणसाला मी अप्रामाणिक म्हणू शकत नाही. जे त्याला माहीत होतं, तेवढं त्यानं सांगितलं होतं.

पूर्वी सराफाचं काम वेगळं होतं. पेशवाईत टांकसाळी बऱ्याचदा सोनारांना परवान्यानं चालवायला दिलेल्या असत. किती वजनाचं, किती कसाचं नाणं पाडायचं हे परवान्यात लिहिलेलं असे. हलकं नाणं पाडलं की दंड होई, तक्रारी फार झाल्या की टांकसाळ बंद होई. न्यायमूर्ती रानड्यांनी १८९९ साली मराठ्यांच्या नाण्यांवर आणि टांकसाळींवर जो निबंध वाचला, त्यात हा सगळा कारभार आला आहे. एकाच बाजारात अंकुशी, चांदवडी अशा अनेक जातींचे रुपये फिरत, आणि प्रत्येकाचा बट्टा वेगळा. सराफ रुपया दगडावर वाजवायचा, कसोटीवर घासायचा आणि बट्टा सांगायचा. त्याची सचोटी कसात आणि वजनात होती, आणि दोन्ही मोजता येत होते. गिऱ्हाइकाला शंका आली तर शेजारच्या दुकानात जाऊन पुन्हा मोजून घेता येत होतं.

जुन्या नाण्याचं तसं नाही. राणीछाप किंवा पंचम जॉर्जछाप चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा. सोळा आण्यांत साडेचौदा आण्यांहून थोडी जास्त चांदी. हे कुठल्याही काट्यावर कळतं. पण १९३९ सालचा रुपया तेवढ्याच चांदीचा असूनही त्याची किंमत कितीतरी पट, कारण तो फार कमी मिळतो. म्हणून १९३८ च्या रुपयावरचा शेवटचा आठ कोरून नऊ करणारे कारागीर तयार झाले. अशा नाण्यात वजन खरं असतं, चांदी खरी असते, आवाजही खणखणीत येतो. खोटा असतो फक्त एक आकडा, आणि तो भिंग नसलेल्या माणसाला कधीच दिसत नाही. इथं काटा आणि कसोटी दोन्ही मुके होतात. उरतो तो जाणत्याचा शब्द.

जाणत्यानं किती बोलावं? या धंद्यातले लोक आपसांत यावर वाद घालतात. एक बाजू म्हणते, “ज्ञान ही माझी पुंजी आहे. वीस वर्षं पुस्तकं वाचली, पैसे बुडवले, तेव्हा कुठं नजर बसली. ढिगातून एक चांगलं नाणं उचललं तर ती माझी मजुरी.” यात तथ्य आहे. डीलरनं दुसऱ्या डीलरच्या ढिगातून नजरेच्या जोरावर दुर्मीळ नाणं स्वस्तात उचललं तर मला त्यात काही वावगं वाटत नाही. दोघंही अखाड्यात उतरलेले पहिलवान. पण समोर पांढरीवरून आलेला बाप असेल, आणि त्यानं स्वतः विचारलं असेल की हे काय आहे, तर तिथं गप्प बसणं म्हणजे खोटं बोलणंच. प्रश्न विचारला गेला की मजुरीचा मुद्दा संपतो, असं माझं मत.

ही झाली विकणारा आणि घेणारा यांच्यातली गोष्ट. तिसरी बाजू जमिनीची. शेजारच्या वाशीम जिल्ह्यात मंगरुळपीर तालुक्यात तऱ्हाळा नावाचं गाव आहे. १९३९ साली, हा भाग तेव्हा अकोला जिल्ह्यात होता, तिथं सातवाहनांच्या पोटीन नाण्यांचा साठा सापडला. सोळाशेच्या आसपास नाणी, हत्तीचीच. नागपूरचे वा. वि. मिराशी यांनी ती वाचून प्रसिद्ध केली. त्यांत गौतमीपुत्र, पुळुमावी, यज्ञ अशी ओळखीची नावं तर होतीच, पण कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी, शक सातकर्णी ही तीन नावंही होती. पुराणांतल्या राजांच्या याद्यांमध्ये हे तिघे नाहीत. ते राज्यावर होते हे आपल्याला कळलं ते एका खेड्यातल्या साठ्यामुळे.

आता असं समजा की तो साठा आठवडी बाजारातून पांगला असता. चांगली, वाचता येणारी नाणी पहिल्या सराफानं निवडली असती. उरलेली मोडीत वितळली असती. निवडलेली औरंगाबाद, नागपूर करत मुंबईला पोचली असती, आणि ‘हे कुठं सापडलं’ या प्रश्नाला प्रत्येक हातानं वेगळं उत्तर दिलं असतं, कारण साठ्याची जागा सांगितली की उद्या दुसरा डीलर तिथं जाऊन बसतो. कर्ण सातकर्णीचं एखादं सुटं नाणं कुणाच्या अल्बममध्ये असतं, आणि अभ्यासकांनी त्याला बनावट ठरवलं असतं. सुट्या नाण्याची साक्ष कोण मानतो?

साठ्यांसाठी कायदा आहे. इंग्रजांनी १८७८ साली केलेला निखात निधीचा कायदा आजही चालू आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर सापडणाऱ्यानं जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवायचं. न कळवल्यास एक वर्षापर्यंत कैद, दंड, किंवा दोन्ही. धनावर कुणाचा हक्क निघाला नाही आणि दुसरा करार नसेल तर तीन चतुर्थांश सापडणाऱ्याचा, एक चतुर्थांश जमीनमालकाचा. आणि सरकारला ते घ्यायचं असेल तर धातूची किंमत अधिक तिचा एक पंचमांश द्यायचा.

सगळी मेख या एक पंचमांशात आहे. सोन्याच्या मोहरांना हा हिशेब थोडाफार चालतो. पोटीनचं काय? तऱ्हाळ्याचा अख्खा साठा माझ्या अंदाजानं चार-पाच किलो भरेल. भंगाराच्या भावानं काही हजार रुपये, वर पाचवा हिस्सा. म्हणजे कायद्यालाही सातवाहनांचं नाणं मोडच वाटतं. ज्या शेतकऱ्यानं इमानदारीनं तहसीलची पायरी चढावी, त्याला आपण हातात हे देणार. मग तो काकांच्या ओळखीच्या एजंटला फोन करतो, आणि एजंटला हे सगळं नीट पाठ असतं. लोकांच्या लबाडीवर लिहिताना कायद्याची ही कद्रू वृत्ती विसरून चालणार नाही.

आमच्या बुलढाणा जिल्ह्याचं नाव नाण्यांच्या संदर्भात वर्तमानपत्रात येतं ते मात्र भलत्याच कारणानं. खामगाव तालुक्यातून खोट्या सोन्याच्या गिन्न्यांच्या बातम्या पुन्हा पुन्हा येतात. पद्धत ठरलेली. परराज्यातल्या माणसाला फोन जातो, खोदकामात हंडा सापडलाय, स्वस्तात देतो. नमुन्याला एक-दोन खऱ्या सोन्याच्या गिन्न्या देतात, त्या तो आपल्या सोनाराकडून तपासून घेतो आणि पैसे घेऊन येतो. मग पिशवीभर पितळ मिळतं, किंवा पितळही न मिळता मार मिळतो. या फसवणुकीत लुबाडला गेलेला माणूसही चोरीचाच माल घ्यायला आलेला असतो, म्हणून तो पोलिसांकडे जायला कचरतो. गुप्तधन सरकारला कळवायचं असतं हे त्यालाही माहीत असतं.

दुसरा प्रकार देवाच्या नावाचा. ईस्ट इंडिया कंपनीचं १८१८ सालचं अर्ध्या आण्याचं नाणं, एका बाजूला राम, सीता किंवा हनुमान. ते तांदूळ ओढतं, त्याला कोटींचा भाव आहे, असं सांगून ते विकतात. कंपनीनं असं नाणं कधी पाडलेलंच नाही. तिची सगळ्या मुलखाला एकसारखी नाणी सुरू झाली ती १८३५ पासून. ऑनलाइन तर जुन्या पाच रुपयाला लाखो देतो म्हणणारे इतके माजले, की रिझर्व्ह बँकेला ऑगस्ट २०२१ मध्ये पत्रक काढून सांगावं लागलं, आमच्या नावानं कमिशन मागणाऱ्यांना बळी पडू नका. प्रामाणिक डीलरपुढे इथं एक वेगळाच पेच उभा राहतो. आजीबाई रामाचं ते नाणं घेऊन येते, देव्हाऱ्यात ठेवलेलं, मुलाच्या ऑपरेशनसाठी विकायचं म्हणते. बनावट म्हणावं तर ती रडते. गप्प बसावं तर ती दुसऱ्या दुकानात जाऊन कमिशन भरते. सांगावंच लागतं, दुसरा इलाज नाही.

हे आपल्याकडेच आहे असं नाही. जर्मनीतल्या बेकर नावाच्या माणसानं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ग्रीक-रोमन नाण्यांचे ठसे कोरले. नवी नाणी लोखंडाच्या किसात आणि ग्रीसमध्ये घालून तो आपल्या घोडागाडीला बांधायचा, म्हणजे रस्त्याच्या धक्क्यांनी ती झिजून जुनी दिसत. अलीकडची गोष्ट आणखी बोलकी. ज्यूलियस सीझरच्या हत्येची आठवण म्हणून ब्रूटसनं पाडलेलं सोन्याचं एक नाणं २०२० साली लंडनच्या लिलावात बत्तीस लाख पौंडांहून जास्त किमतीला गेलं. नाणं खरं होतं, पण ते कुठून आलं याचा कागद खोटा निघाला. २०२३ मध्ये ते ग्रीसला परत गेलं. तिकडच्या मोठ्या दुकानातही शेवटी प्रश्न पांढरीचाच, हे कुठं सापडलं?

मेहकरच्या शारंगधर बालाजीची मूर्ती १८८८ साली जमिनीतून निघाली, म्हणजे निखात निधीचा कायदा झाल्यावर दहा वर्षांनी. इंग्रज अधिकारी ती नेतील या धास्तीनं गावानं तिची लगेच प्रतिष्ठापना केली, असं मेहकरात आजही सांगतात. मूर्ती गावात राहिली, कारण ती सगळ्यांच्या देखत निघाली. मुठीत मावणाऱ्या नाण्याला असा साक्षीदार मिळत नाही.

म्हणून पांढरीवर काही सापडलंच, तर चिंच-मीठ लावू नका. घासलं की अक्षरं जातात आणि किंमतही जाते. कागदात गुंडाळा, शेताचा गट नंबर आणि तारीख लिहून ठेवा, मोबाइलवर फोटो काढा आणि जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवा. अर्जाची पोच घ्या. आणि वाचून घ्यायचं असेल तर नाशिकजवळ अंजनेरीला नाणी अभ्यासणारी संस्था आहे.