पीएचडीची मुलाखत: पवईत परीक्षा नेमकी कुणाची?

मे महिन्यात कांजुरमार्ग स्टेशनबाहेर पाठीला सॅक लावून, कागदपत्रांची फाइल सांभाळत रिक्षा शोधणारी मुलं दिसली, तर त्यातली काही आयआयटी मुंबईत पीएचडीच्या मुलाखतीला आलेली असू शकतात.

तिथल्या अनेक विभागांत आधी लेखी परीक्षा होते. त्यातून निवडलेल्यांनाच मुलाखतीला बोलावतात. समोर प्राध्यापकांचं पॅनेल. बऱ्याचदा आवडता विषय विचारतात आणि मग त्याच विषयाच्या मुळाशी नेतात. ‘आवडता’ म्हणून सांगितलेला विषय कच्चा निघाला, की पंचाईत!

अमेरिकेत, विशेषतः जीवशास्त्राच्या विभागांत, जानेवारी ते मार्चदरम्यान शॉर्टलिस्ट झालेल्यांना दोन-तीन दिवस बोलावतात. प्रवास आणि मुक्कामाचा खर्च बहुधा विभागच करतो. विद्यार्थ्यांसोबत जेवणं ठेवतात, कारण उमेदवारानेही विभाग पारखावा, अशी अपेक्षा असते.

पवईत असा बेत कुणी आखून देत नाही. पण निर्णय तेवढाच मोठा. पाच-सहा वर्षं एकाच गाइडकडे काढायची असतात. फेलोशिप २०२३ पासून दरमहा ३७ हजार, दोन वर्षांनी ४२ हजार रुपये.

म्हणून परतीचं तिकीट त्याच संध्याकाळचं काढू नये. लॅबमधल्या सीनियरला कँटीनमध्ये गाठावं. गाइडचे आधीचे विद्यार्थी किती वर्षांत बाहेर पडले? कुणी मध्येच सोडून गेलं का? गाइड भेटतात किती वेळा? हे प्रश्न मात्र गाइड समोर नसताना विचारावेत.