कोटीत एक शोधणारे सोन्याचे कण

शेजारच्या अक्कांनी मागच्या महिन्यात सवलतीत मिळाले म्हणून ‘फुल बॉडी चेकअप’चे पॅकेज घेतले. साखर, कोलेस्टेरॉल, थायरॉइड सारे ठीक. पण शेवटच्या पानावर ‘सीए-१२५’पुढे ६२ हा आकडा ठळक छापलेला, मर्यादा ३५. मुलाने मोबाईलवर पाहिले, ‘कॅन्सर’ हा शब्द वाचला आणि त्या दिवशी घरात कोणी जेवले नाही. मी शिकवतो इतिहास. पण कॉलेजातल्या सरांना सारे कळते असा आमच्या गल्लीचा समज आहे. रिपोर्ट घेऊन मी केमिस्ट्रीच्या सहकाऱ्याकडे गेलो. तिथे जे ऐकले आणि मग स्वतः वाचून ताडून पाहिले, ते येथे देत आहे.

कर्करोगाच्या पेशी काही प्रथिने रक्तात सोडतात. ती हेरायची, हा या तपासण्यांमागचा विचार. अडचण आहे ती प्रमाणाची. एक मिलिलिटर रक्तद्रवात अल्ब्युमिन नावाचे नेहमीचे प्रथिन सुमारे ४० मिलिग्रॅम असते. पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीशी संबंधित ‘पीएसए’ या प्रथिनाची वर्षानुवर्षे धरली जाणारी मर्यादा आहे ४ नॅनोग्रॅम. भागाकार करून पाहा, फरक एक कोटी पटीचा येतो! यल्लम्माच्या जत्रेत एक माणूस शोधणे त्या मानाने सोपे.

इथे नॅनोकण कामाला येतात. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. सोने इतके बारीक केले की ते पिवळे राहत नाही, लालसर दिसते. मायकेल फॅरेडेने १८५७ मध्येच हे दाखवले होते. घरी करायच्या गर्भचाचणीच्या बहुतेक पट्ट्यांवर उमटणारी गुलाबी रेघ याच सोन्याची असते. सोने आपल्या घरात केव्हाच येऊन गेले म्हणायचे!

अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या चॅड मिर्किन यांच्या गटाने २००३ मध्ये एक युक्ती मांडली. चुंबकीय कणांवर पीएसए पकडणारी प्रतिपिंडे लावायची. सोन्याच्या कणांवरही तशीच प्रतिपिंडे, आणि सोबत डीएनएचे शेकडो तुकडे. पीएसए दोघांच्या मध्ये अडकले की चुंबकाने सारे ओढून घ्यायचे, बाकीचे धुऊन टाकायचे आणि डीएनएचे तुकडे सोडवून ते मोजायचे. गर्दीत नवरदेव दिसला नाही तरी त्याच्या मागचे वऱ्हाड दिसतेच, तसे हे.

२००९ मध्ये प्रोस्टेट काढून टाकलेल्या १८ रुग्णांवर ही पद्धत वापरून पाहिली. शस्त्रक्रियेनंतरचे पीएसए इतके कमी असते की नेहमीच्या तपासणीत ते बहुधा सापडतच नाही. सुमारे ३०० पट संवेदनशील अशा या पद्धतीने ते अठराही जणांत मोजता आले. ज्यांचे प्रमाण पुढे वाढत गेले, त्यांतील बहुतेकांचा रोग परत आला. मला यात महत्त्वाचे वाटते ते हेच, की एका आकड्यावरून नव्हे, तो चढतो की स्थिर राहतो यावरून काही कळले.

पण बारीक सापडले म्हणजे जीव वाचला, असे होत नाही. सीए-१२५ पाळीच्या दिवसांत, गर्भाशयातील गाठींमुळे, पोटाच्या क्षयातही वाढते. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या चाचणीचा दीर्घकालीन निष्कर्ष २०२१ मध्ये आला. सीए-१२५ आणि सोनोग्राफीने नियमित तपासणी करूनही अंडाशयाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू कमी झाले नव्हते. चुकीच्या गोष्टीकडे बोट दाखवणारे प्रथिन असेल, तर त्याला सोन्याचा कण लावून काय उपयोग? नेमके प्रथिन कोणते, हे ठरवणे खरे अवघड काम आहे.

अक्कांची सोनोग्राफी झाली. अंडाशय स्वच्छ, गर्भाशयात फायब्रॉइडच्या दोन गाठी. “गाबरी आगब्याड्री,” डॉक्टर म्हणाले, तीन महिन्यांनी पुन्हा बोलावले आहे. संध्याकाळी अक्का दारात आल्या, हातात पेढे. “सर, मला काही त्रासच नव्हता. मग हे तपासलंच कशाला हो?”

पॅकेजमध्ये होते म्हणून, एवढेच मला सांगता आले.