टेम्सची हजेरी

शिक्षिकेची नोकरी सोडून रेडिंगला संसार थाटला, तरी हजेरी घ्यायची सवय काही सुटली नाही. गेल्या उन्हाळ्यात लेकाबरोबर केनेट नदीत उतरले, ती अशीच हजेरी घ्यायला. 'रिव्हरफ्लाय' उपक्रमाचे स्वयंसेवक तीन मिनिटं पायाने तळ ढवळतात, जाळीत आलेलं पांढऱ्या ट्रेमध्ये ओततात आणि ठरलेल्या आठ गटांतले जीव मोजतात. पाणी बिघडलं की मासे पोहून दूर जातात; हे कणा नसलेले चिमुकले जीव तिथेच राहतात किंवा मरतात. म्हणून नदीची खरी प्रकृती त्यांनाच विचारायची.

केनेट रेडिंगलाच टेम्सला मिळते. टेम्स सुमारे ३४६ किलोमीटर लांब, पण तिचा वर्ग जागोजागी बदलतो. उगमाकडच्या गोट्यांत कुजकी पानं कुरतडणारे, कोळंबीसारखे नखाएवढे जीव असतात. वाळूचे कण चिकटवून अंगाभोवती घर बांधणारी कॅडिसची अळीही असते. मधल्या संथ पात्रात पाणी गाळून पोट भरणारे शिंपले. टेडिंग्टनपासून भरती-ओहोटी सुरू होते. तिथून पुढे चिखलात राहणाऱ्या किड्यांचं राज्य. मुखाशी, ली-ऑन-सीला, कॉकल हे खारे शिंपले मिळतात. आमच्या सासूबाई रत्नागिरीच्या. ते बघून म्हणाल्या, "अगं, या तर आपल्या तिसऱ्यांच्या चुलतबहिणी!"

एक विद्यार्थी मात्र सगळ्या वर्गांत फिरतो: चिनी खेकडा. टेम्समध्ये त्याची पहिली नोंद १९३५ची. वाढतो गोड्या पाण्यात, पिलांसाठी जातो खाडीकडे.

१९५७ साली लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमने टेम्सचा लंडनमधला भाग जैविकदृष्ट्या मृत ठरवला होता. पुढे सांडपाण्याची व्यवस्था सुधारली, मासे परतले. आता सगळं आलबेल, असं मीही समजत होते. पण रेडिंगजवळ १९६४ साली शिंपल्यांची मोजणी झाली होती. केंब्रिजच्या संशोधकांनी ती पुन्हा केली आणि २०२२मध्ये निष्कर्ष मांडले: शिंपले जवळजवळ ९५ टक्क्यांनी घटलेत. एक जात तर तिथे उरलीच नाही. वर त्यांच्या पाठीवर बाहेरून आलेले झेब्रा शिंपले चिकटलेले! पाणी नितळ दिसलं, म्हणून पट भरलेला असतोच असं नाही.

ट्रे पुन्हा नदीत रिकामा करताना लेकाने विचारलं, "आई, आज गैरहजर कोण होतं, ते लिहिलंस का?"

लिहिलं. माझ्या वर्गातही मी आधी तेच लिहीत असे.