नियोजनाचा वर्ग कळमन्यात भरवा

दिवाळीच्या सुमारास आंबिया बहाराची संत्री नागपुरातल्या कळमन्याच्या पंडित जवाहरलाल नेहरू मार्केट यार्डात उतरू लागतात. काटोल, नरखेड, वरुडकडून गाड्या येतात, हर्रास होतो, हमालांची धावपळ उडते. माल उचलला गेला की मागे सडकी फळे, पेंढा, भाजीपाल्याचा पाला, फाटकी पोती आणि प्लास्टिक उरते. हा कचरा कोणाचा? यार्ड कृषी उत्पन्न बाजार समितीचे; ती 1963 च्या राज्य कायद्याने चालते आणि पणन खात्याला उत्तरदायी असते. शहराच्या घनकचऱ्याची जबाबदारी महापालिकेची. सांडपाणी नदीत गेले तर विषय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा. केंद्राच्या 2016 च्या घनकचरा नियमांनी तर बाजार संघटनांनाच सांगितले, की ओला कचरा वेगळा करा आणि शक्य तिथे आवारातच खत किंवा बायोगॅस करा. एवढ्या हातांमधून एक काम कसे पुढे सरकते आणि कुठे अडते, हे समजून घेणे म्हणजे पर्यावरण नियोजन आणि धोरणाचा अभ्यास. विद्यापीठांत तो शिकवला जातो, पण तुकड्यातुकड्यांनी.

महाराष्ट्रात या विचाराची मुळे जुनी आहेत. स्कॉटिश जीवशास्त्रज्ञ पॅट्रिक गेडिस 1914 मध्ये भारतात आले, गावोगावच्या नगररचनेवर अहवाल लिहू लागले. नागपूरवरही त्यांनी लिहिले. आधी पायी फिरून शहर तपासा, रोग ओळखा, मग कमीत कमी पाडापाडी करून उपाय करा, ही त्यांची शिकवण. 1919 मध्ये मुंबई विद्यापीठाने त्यांना समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचे प्राध्यापक नेमले. शहर, माणसे आणि निसर्ग एकाच वर्गात शिकवण्याचा तो प्रयत्न होता. पुढे हे विषय वेगवेगळ्या विभागांत विखुरले, आणि त्याची किंमत आपण अजून मोजतो आहोत.

नागपूरच्या वाट्याला यातले बरेच आले. 1958 मध्ये येथे सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची केंद्रीय संशोधन संस्था निघाली. 1974 मध्ये तिचे नाव राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे 'नीरी', झाले. ताजमहालाच्या परिसरातील प्रदूषणाबाबत सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये निकाल दिला, तेव्हा नीरीचे अहवाल समोर होते. व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेच्या वास्तुकला व नियोजन विभागात नगर नियोजनाचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. विद्यापीठात पर्यावरणशास्त्र आहे, विधी विद्यापीठात कायदा आहे. एकाच शहरात प्रयोगशाळा, नकाशा आणि कायदा, तिन्ही हाताशी असणे ही मोठी संपत्ती आहे. या तिघांची गाठ मात्र घालून द्यावी लागते, आपोआप पडत नाही.

पदवीच्या पातळीवर काय झाले? वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये पर्यावरण शिक्षण सर्वांना देण्याचा आदेश दिला. विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व शाखांसाठी अभ्यासक्रम आणला, आणि पुण्याच्या डॉ. इराच भरुचा यांचे त्यावरचे पाठ्यपुस्तक देशभर पोचले. हेतू थोर होता. बहुतेक महाविद्यालयांत मात्र तो पास होण्यापुरता एक पेपर बनून राहिला. क्षेत्रभेटीची वही भरली जाते, क्षेत्र पाहिलेच जात नाही. याचे मला फार वाईट वाटते.

पुढे पदव्युत्तर शिक्षण घेऊन विद्यार्थी जातात कुठे? दिल्लीच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये पर्यावरण नियोजनाची स्वतंत्र पदव्युत्तर शाखा आहे. अशा ठिकाणांहून मंडळी सल्लागार कंपन्यांत, महापालिकांत, संशोधनात जातात. बरेच काम पर्यावरणीय आघात मूल्यमापनाचे असते. आपल्याकडे हे मूल्यमापन 1994 च्या अधिसूचनेने सक्तीचे झाले आणि 2006 मध्ये त्याची नवी चौकट आली. तिच्यात जनसुनावणी आहे आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो. नागपूरजवळ कोराडीच्या वीज केंद्रातील 660 मेगावॉटच्या दोन नव्या संचांसाठी 2023 मध्ये अशी सुनावणी झाली. राखेचे, धुराचे, पाण्याचे आकडे गावकऱ्याला कळतील अशा मराठीत मांडणे हे कौशल्य आहे. ते शिकवल्याशिवाय धोरणाचा विद्यार्थी तयार झाला असे मी मानणार नाही.

कोराडीचाच दुसरा धडा आशेचा आहे, आणि तो कळमन्याच्या शेजारचा. पूर्व नागपुरात भांडेवाडी म्हटले की लोकांना कचऱ्याचे डोंगर आणि त्यांना लागणाऱ्या आगी आठवतात. त्याच भांडेवाडीत शहराचे सांडपाणी शुद्ध होते. दिवसाला 130 दशलक्ष लिटर पाणी कोराडीच्या वीज केंद्राला पुरवण्याची योजना महापालिका आणि सरकारी वीजनिर्मिती कंपनी महानिर्मिती यांच्या करारातून उभी राहिली. वीज केंद्राने सांडपाणी वापरले की तेवढे धरणाचे पाणी पिण्यासाठी वाचते. शुद्धीकरणाचे तंत्र आधीही माहीत होते. दोन सरकारी संस्थांनी पाण्याचा दर आणि जबाबदारी ठरवून सही केली, तेव्हा ते कामाला आले. असा करार कसा घडतो, हे विद्यार्थ्याने मूळ कागद मागवून वाचावे. माहितीचा अधिकार 2005 पासून आहे.

शहरातून वाहणारी नाग नदी पुढे कन्हानमार्गे वैनगंगेला आणि गोसीखुर्दच्या जलाशयाला आपली घाण नेते. म्हणजे पूर्व नागपुरातल्या नाल्याचे दुखणे भंडाऱ्याच्या मासेमाराला भोगावे लागते. महापालिकेची हद्द नदीला कळत नाही. नियोजनाच्या विद्यार्थ्याला ती कळलीच पाहिजे आणि ओलांडताही आली पाहिजे.

म्हणून नागपुरातल्या विद्यापीठांना आणि संस्थांना विनंती आहे. अभियांत्रिकी, कायदा, समाजशास्त्र आणि शेती शिकणाऱ्या मुलांचा एक संयुक्त गट करा आणि त्यांना एक पूर्ण सत्र कळमन्याला द्या. आंबियापासून मृग बहाराची संत्री येईपर्यंत त्यांनी यार्डातला कचरा तोलावा, नाले मोजावेत, अडते, हमाल आणि सफाई कामगारांशी बोलावे, प्रत्येक कामाचा कायदा शोधावा. अहवाल मराठीत लिहून त्याची एक प्रत बाजार समितीला, एक महापालिकेच्या घनकचरा विभागाला द्यावी आणि दोघांकडून लेखी उत्तर मागावे.