विश्लेषण : रोलर कोस्टरमधून साखळी का हद्दपार होतेय? नव्या राइड्सचे तंत्र काय, मावळात त्या चालतील का?

सौदी अरेबियातल्या कड्यावरून ताशी २५० किलोमीटर वेगाने खाली झेपावणाऱ्या ‘फाल्कन्स फ्लाइट’चे व्हिडीओ अनेकांच्या मोबाइलवर येऊन गेले असतील. कार्ल्याला एकवीरेच्या दर्शनाला किंवा लेणी पाहायला येणाऱ्या आणि पुढे घाट उतरून खोपोलीच्या ‘इमॅजिका’त जाणाऱ्या पर्यटकांसाठी मात्र जवळची मोठी रोलर कोस्टर अजूनही २०१३ मधली ‘नायट्रो’च आहे. या काळात रोलर कोस्टरचे तंत्र किती बदलले, वेग नेमका कुठून येतो आणि वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस झेलणाऱ्या लोणावळा परिसरात अशा राइड्स चालवायच्या तर अडचण कोणती, याविषयी...

‘नायट्रो’ला वेग कसा मिळतो?

रोलर कोस्टरच्या गाडीला इंजिन नसते. ‘नायट्रो’ची गाडी साखळीने सुमारे ४० मीटर उंचीवर ओढली जाते आणि तिथून सोडून दिली जाते. पुढचे सगळे काम गुरुत्वाकर्षणाचे. ४० मीटर खाली येणाऱ्या वस्तूचा वेग घर्षण सोडले तर ताशी १०० किलोमीटरच्या आसपास जातो. शाळेतल्या भौतिकशास्त्राच्या सूत्रात आकडे टाकले की हेच उत्तर येते. 

ही राइड स्वित्झर्लंडच्या बॉलिगर अँड माबिलार्ड या कंपनीची आहे. पायाखाली फळी नसलेली ‘फ्लोअरलेस’ रचना आणि पाच ठिकाणी प्रवाशाला उलटे करणारा मार्ग ही तिची वैशिष्ट्ये. एप्रिल २०१३ मध्ये मनमोहन शेट्टी यांनी ‘अॅडलॅब्स इमॅजिका’ सुरू केले तेव्हा देशात एवढी मोठी रोलर कोस्टर नव्हती. २०२२ मध्ये हे पार्क संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे गेले.

मग उंची वाढवली की वेग वाढणार नाही का?

वाढेल, पण महागात पडेल. केवळ उंचीवरून ताशी २५० किलोमीटर वेग हवा असेल, तर गाडी साधारण २४५ मीटरवरून सोडावी लागेल. म्हणजे ‘नायट्रो’च्या सहापट उंची. पोलाद, पाया, वाऱ्याचा दाब आणि देखभाल हे सगळे त्या प्रमाणात वाढते. 

डिसेंबर २०२५ च्या अखेरीस रियाधजवळच्या किद्दिया इथे सुरू झालेल्या ‘फाल्कन्स फ्लाइट’ची कड्यासह उंची सुमारे १९५ मीटर सांगितली जाते. ही सगळी उंची पडण्यासाठी वापरली असे धरले, तरी वेग ताशी २२० किलोमीटरच्या थोडा वरच जातो. उरलेला वेग ट्रॅकवर बसवलेल्या विद्युतचुंबकीय मोटारी देतात. गेल्या दशकभरातला सगळ्यात मोठा बदल हाच आहे. गाडी आधी वर ओढून न नेता जागेवरून झटक्यात पळवायची. या पद्धतीला ‘लाँच’ म्हणतात.

लाँच नेमका होतो कसा?

ट्रॅकच्या मधोमध तारांच्या गुंडाळ्या म्हणजे कॉइल बसवलेल्या असतात आणि गाडीच्या तळाला कायमचुंबक. गाडी जशी पुढे सरकेल तशा पुढच्या कॉइल क्रमाक्रमाने चालू होतात. पुढची कॉइल चुंबकाला ओढते, मागची ढकलते. मोटार गोल फिरण्याऐवजी सरळ रेषेत उलगडून ठेवली तर जे होईल, तेच इथे होते. 

याआधी हायड्रॉलिक लाँच वापरात होता. त्यात प्रचंड दाबाखालच्या तेलाने विंच फिरवून पोलादी दोराने गाडी ओढली जाते. अबू धाबीची २०१० मधली ‘फॉर्म्युला रोसा’ अशीच ताशी २४० किलोमीटर गाठते. अमेरिकेतली १३९ मीटर उंच ‘किंगडा का’ही याच पद्धतीची होती. २००५ मध्ये सुरू झालेली ही विक्रमी राइड कायमची बंद करून २८ फेब्रुवारी २०२५ रोजी स्फोटकांनी पाडण्यात आली. दोर, क्लच, तेलाचे दाब असे झिजणारे आणि बिघडणारे भाग या पद्धतीत जास्त असतात. चुंबकीय लाँचमध्ये गाडी आणि मोटार यांचा एकमेकांना स्पर्शच होत नाही, त्यामुळे झीज कमी.

यात तोटा काहीच नाही?

आहे. तो वीजजोडणीत दिसतो. दहा टनांची गाडी ४० मीटर वर न्यायची किंवा सपाटीवर ताशी १०० किलोमीटरला पोहोचवायची, दोन्हीला लागणारी ऊर्जा जवळपास सारखीच. फरक वेळेचा. साखळी हे काम अर्ध्या मिनिटात करते, तेव्हा सुमारे १३० किलोवॅट पुरतात. लाँचला तेच काम तीन सेकंदांत करायचे असते. त्यासाठी सुमारे १,३०० किलोवॅट हवेत. तीन किलोवॅट मंजूर भार असलेल्या चारशेहून अधिक घरांची ही एकत्रित मागणी झाली, तीही दर दोन-तीन मिनिटांनी काही क्षणांसाठी. एवढा झटका थेट वीजवाहिनीवर पडू नये म्हणून काही ठिकाणी जड फिरते चाक किंवा मोठे कपॅसिटर लावून आधी ऊर्जा साठवतात आणि लाँचच्या वेळी सोडतात.

उंचीची शर्यत थांबून पार्क आता काय बांधत आहेत?

साधारण चार दिशा दिसतात.

* अनेक लाँच, मध्यम वेग : ऑरलँडोतली ‘हॅग्रिड्स’ ही २०१९ मधली राइड ताशी ८० किलोमीटरच्याच आसपास धावते, पण वाटेत सात ठिकाणी गाडीला नवा धक्का मिळतो. लहान मुले आणि आजीआजोबा एकत्र बसू शकतील अशा राइडकडे पार्कचा ओढा वाढतो आहे.
* रूळच हलवणे : अमेरिकेतल्या सीडर पॉइंटमध्ये २०२५ मध्ये आलेल्या ‘सायरन्स कर्स’मध्ये गाडी उंचावर आडव्या रुळावर थांबते आणि गाडीसकट रुळाचा तो तुकडा खाली झुकून उभा होतो.
* जुन्याला नवे रूळ : लाकडी सांगाडा ठेवून त्यावर पोलादी ट्रॅक बसवायचा. टेक्सासमध्ये २०११ साली झालेल्या प्रयोगानंतर ही पद्धत पसरली. 
* बसण्याची पद्धत बदलणे : ट्रॅकखाली टांगलेल्या खुर्च्या, फिरत्या खुर्च्या, एकाच रुळावर एकामागे एक बसवणारी अरुंद गाडी. डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झालेल्या चेन्नईच्या ‘वंडरला’त ‘नायट्रो’च्याच कंपनीची ट्रॅकखाली टांगलेली रोलर कोस्टर आली.

काही नव्या राइड्समध्ये गाडी पुढे जाऊन थांबते, मागचा सांधा बदलतो आणि ती दुसऱ्या मार्गाने उलटी सुटते. ही कल्पना खंडाळ्याला नवी नाही. १८६३ मध्ये सुरू झालेल्या भोर घाट रेल्वेमार्गावर ३७ फुटांना एक फूट अशा चढावर गाडीला वळायला जागा नव्हती, म्हणून ‘रिव्हर्सिंग स्टेशन’ बांधले होते. तिथे इंजिन दुसऱ्या टोकाला लावून गाडी उलट्या दिशेने पुढचा चढ चढे. १९२९ मध्ये ते वापरातून गेले.

दोन गाड्या एकमेकींवर आदळत कशा नाहीत?

याचेही उत्तर रेल्वेतच आहे. कार्ल्याजवळच्या मळवली स्थानकात लोकल सिग्नलला थांबते, कारण पुढच्या टप्प्यात दुसरी गाडी असते. एका टप्प्यात एकच गाडी, हा ‘ब्लॉक’चा नियम. रोलर कोस्टरचा ट्रॅकही असाच टप्प्यांत विभागलेला असतो. पुढचा ब्लॉक रिकामा असल्याचे सेन्सरने सांगितल्याशिवाय मागची गाडी पुढे सोडली जात नाही. 

थांबवण्याचे बरेचसे काम चुंबकीय ब्रेक करतात. गाडीखालची धातूची पट्टी चुंबकांच्या मधून गेली की तिच्यात प्रवाह निर्माण होऊन वेग मंदावतो. त्याला वीज लागत नाही आणि ओल्या ट्रॅकवरही तो चालतो. गाडी पूर्ण थांबवून धरायला मात्र वेगळा ब्रेक लागतो. गाडी रुळावरून उचलली जाऊ नये म्हणून चाकांचे तीन संच असतात, रुळाच्या वर, बाजूला आणि खाली.

मग अपघात का होतात?

यंत्रणेला डावलल्याने आणि तपासणीत ढिलाई झाल्याने. इंग्लंडच्या ऑल्टन टॉवर्समध्ये जून २०१५ मध्ये संगणकाने ‘स्मायलर’ राइड थांबवली होती. पुढे एक रिकामी गाडी अडकली आहे हे कर्मचाऱ्यांच्या लक्षात आले नाही. त्यांनी थांबा हाताने ओलांडून १६ जणांची गाडी सोडली आणि ती रिकाम्या गाडीवर आदळली. दोन तरुणींना पाय गमवावा लागला. कंपनीला ५० लाख पौंड दंड झाला. 

आपल्याकडे जुलै २०१९ मध्ये अहमदाबादच्या कांकरियात झोक्यासारखी हलणारी राइड तुटून दोघांचा जीव गेला. एप्रिल २०२५ मध्ये दिल्लीत रोलर कोस्टरवरून पडून २४ वर्षांच्या तरुणीचा मृत्यू झाला. मावळाने तर जून २०२५ मध्ये इंद्रायणीवरचा कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल पर्यटकांसह कोसळताना पाहिला. त्यात चौघे गेले. पूल आणि राइड वेगळ्या गोष्टी असल्या, तरी उघड्यावरचे लोखंड, पाऊस आणि गर्दी हे समीकरण दोन्हीकडे सारखेच आहे. 

राइड्सच्या सुरक्षेसाठी भारतीय मानक ब्युरोची संहिता आहे. ती मोठ्या पार्कपासून गावजत्रेतल्या पाळण्यापर्यंत प्रत्यक्ष किती पोहोचते, हा खरा प्रश्न आहे.

मावळात नवी राइड आली तर कशी असावी?

इथल्या पर्यटनाचा भर पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारवर असतो. वीज कडाडू लागली किंवा जोराचा वारा सुटला की उघड्यावरच्या मोठ्या राइड्स थांबवाव्या लागतात. म्हणजे गर्दीच्या दिवसांतच राइड बंद, असा हा व्यवहार. शिवाय वेल्डिंगचे जोड, बोल्ट आणि सेन्सर यांना ओलाव्याचा त्रास. त्यामुळे इथे सगळ्यात उंच राइडपेक्षा छपराखालची, कमी जागेत वळणारी, लाँचवर चालणारी राइड जास्त दिवस चालेल. ‘इमॅजिका’तली ‘डीप स्पेस’ बंदिस्त इमारतीतच धावते. 

डोंगरउताराचा उपयोग करून खांबांची उंची वाचवता येते हे खरे. पण सौदीतला कोरडा कडा आणि सह्याद्रीचा पावसाने भिजलेला उतार यांत फरक आहे. ‘इमॅजिका’ ज्या खालापूर तालुक्यात आहे, तिथलीच इर्शाळवाडी जुलै २०२३ मध्ये दरडीखाली गेली. उताराला पाया खणण्याआधी हा दाखला समोर ठेवावा लागेल.

राइडमध्ये बसण्याआधी काय पाहावे?

* उंचीची अट पाळावी. ती वयासाठी नसून सुरक्षापट्टा अंगाला नीट बसावा यासाठी असते. मूल ‘थोडेसेच कमी’ असेल तरी आग्रह नको.
* पट्टा किंवा दांडा लागल्यावर स्वतः ओढून पाहावा. कर्मचाऱ्याने प्रत्येक आसन हाताने तपासले नाही, तर गाडी सुटण्याआधीच हाक मारावी.
* मोबाइल लॉकरमध्ये ठेवावा. ताशी १०० किलोमीटर वेगात हातातून सुटलेला फोन मागच्याच्या तोंडावर दगडासारखा लागतो.
* पाठ, मान, हृदयाचा त्रास किंवा गर्भावस्था असेल तर फलकावरची सूचना मानावी.
* राइड अचानक थांबली तर पट्टा सोडवू नये. अनेकदा ब्लॉक यंत्रणेने गाडी मुद्दाम थांबवलेली असते.

पावसामुळे राइड बंद ठेवली म्हणून तिकीट खिडकीवर होणारे वाद नवे नाहीत. परताव्याचा नियम तिकीट काढतानाच विचारून घ्यावा. ‘पाच मिनिटांसाठी तरी सोडा’ असा दबाव मात्र कर्मचाऱ्यांवर टाकू नये. ‘स्मायलर’मध्ये संगणकाने घेतलेला निर्णय बरोबर होता. तो ओलांडायची घाई माणसांनी केली.