दुबई ते कुडवा : अंतर किती, वेळ किती?

आपल्या धर्मग्रामांतील अनेक तरुण-तरुणी नोकरीनिमित्त आखाती देशांत आहेत. घरी कोणी देवाघरी गेले की पहिला प्रश्न येतो, "मुलगा केव्हा पोहोचेल?" विमान तीन तासांत येते असे ऐकून सायंकाळचाच दफनविधी ठरविला जातो आणि मुलाला अंत्यदर्शन घडत नाही. म्हणून हा हिशेब समजून घेणे आवश्यक वाटते.

दोन विमानतळांमधील अंतर पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरील सर्वांत जवळच्या मार्गाने मोजतात. दुबई ते मुंबई हे अंतर सुमारे 1,930 किलोमीटर आहे. वैमानिक ते सागरी मैलांत मोजतात. एक सागरी मैल म्हणजे 1.852 किलोमीटर. ताशी सुमारे 850 किलोमीटर वेगाने हे अंतर सव्वादोन तासांत कापले जावे. परंतु धावपट्टीपर्यंत जाणे, वर चढणे व उतरणे धरून तीन तास लागतात. उंचावरील वारे बहुधा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, त्यामुळे भारतात येताना परतीच्या प्रवासापेक्षा थोडा कमी वेळ लागतो.

गोंदियाजवळ बिरसी येथे विमानतळ आहे. डिसेंबर 2023 मध्ये तेथून हैदराबादमार्गे तिरुपतीची सेवा सुरू झाली. बिरसी ते दुबई हे सरळ अंतर सुमारे 2,575 किलोमीटर भरते. मात्र आखातातून येणाऱ्याला वाटेत विमान बदलावेच लागते.

आता मुंबई-नागपूरमार्गे एक उदाहरण पाहू. प्रवासी पहाटे 6 वाजता दुबई विमानतळावर पोहोचला. आपले घड्याळ दीड तास पुढे असल्याने तेव्हा येथे साडेसात वाजलेले असतात. तीन तास तपासणीत जातात व साडेदहाला विमान सुटते. दुपारी दीडला ते मुंबईत उतरते. पारपत्र तपासणी, सामान व पुढच्या विमानाची प्रतीक्षा यांत चार तास जातात. सायंकाळी साडेपाचला निघून तो सातला नागपूरला येतो आणि तेथून मोटारीने रात्री दहाच्या सुमारास कुडव्याला पोहोचतो. तीन तासांच्या उड्डाणासाठी एकूण साडेचौदा तास झाले! यात तिकीट मिळविण्याचा व मालकाकडून रजा घेण्याचा वेळ धरलेला नाही.

ऑक्टोबर 2025 मध्ये नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. दोन्ही तिकिटे एकाच विमानतळाची आहेत ना, हे अवश्य पाहावे. अन्यथा शहर ओलांडण्यातच पुढचे विमान चुकेल.

तेव्हा आमची कुटुंबीयांना विनंती आहे, की "विमान किती तासांचे?" असे न विचारता "आपल्या घड्याळाप्रमाणे घरी किती वाजता पोहोचशील?" असे विचारावे. ती वेळ धर्मगुरूंना कळवूनच दफनविधी ठरवावा. पार्थिव शीतपेटीत ठेवून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत थांबल्यास मुलाला आपल्या आईवडिलांचा शेवटचा निरोप घेता येईल.