खाडीकाठी, थांबत थांबत

माघ सरून फाल्गुन लागतो, तेव्हा मुंबईतील सकाळ अजून सुसह्य असते आणि ठाणे खाडीत रोहित पक्ष्यांचे थवे मुक्कामाला असतात. ज्येष्ठांच्या फेरफटक्यासाठी याहून अनुकूल काळ क्वचितच मिळतो. मानखुर्दच्या रहिवाशांना ही खाडी अगदी शेजारची. ज्यांना फार चालवत नाही, त्यांनी वाशीकडे जाणाऱ्या लोकलच्या खिडकीतून पुलाखालचे पाणी व तिवरांची हिरवी किनार पाहूनही आरंभ करावा. थोडे चालू शकणाऱ्यांनी वाशीला गाडी बदलून ऐरोली गाठावी. तेथे वनविभागाचे सागरी जैवविविधता केंद्र आहे.

६ ऑगस्ट २०१५ रोजी खाडीचा सुमारे १,६९० हेक्टर परिसर अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये त्याला रामसर पाणथळ क्षेत्राचा दर्जा मिळाला. रोहित पक्षी मान वाकवून, चोच उलटी धरून चिखलपाण्यातील सूक्ष्म शेवाळ व जीव गाळून खातात. त्या अन्नातील रंगद्रव्यांमुळेच त्यांच्या पिसांना गुलाबी छटा येते. पिल्ले मात्र करड्या रंगाची असतात. ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलावर निवट्या उड्या मारतात, एक नांगी मोठी असलेले खेकडे ती हलवीत बिळाशी उभे राहतात आणि लांब तांबड्या पायांचा शेकाट्या संथपणे भक्ष्य टिपतो.

येथे एक सोय आपोआप होते. झाडाच्या शेंड्यावरील पक्षी पाहताना मान मागे टाकावी लागते आणि काहींना भोवळ येते. खाडीतील पक्षी बहुधा नजरेच्या पातळीवर किंवा खाली असतात.

एकदा पडल्यानंतर अनेक ज्येष्ठ ‘आता बाहेर नको’ असे ठरवून बसतात. घरच्यांनाही ते सुरक्षित वाटते. परंतु न चालल्याने पायांचे स्नायू दुर्बल होतात, तोल अधिक ढळू लागतो आणि ज्या पडण्याची भीती, तेच जवळ येते. म्हणून वैद्यकीय सल्ल्याने, पण चालते राहावे. त्यासाठी एकच नियम पाळावा: चालताना दृष्टी वाटेवर, पक्षी पाहायचा तर थांबून. दुर्बीण बसूनच डोळ्यांना लावावी.

काळजीवाहकाने ज्येष्ठांचा हात धरून ओढू नये. अशक्त बाजूला, अर्धे पाऊल मागे राहावे आणि आपला दंड त्यांना धरू द्यावा. चालता चालता सहज बोलता येईल इतकीच गती ठेवावी. धाप लागली, छातीत दुखले वा घेरी आली, तर तेथेच बसवून तातडीने मदत घ्यावी.

भरती-ओहोटीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. ती आधी पाहून ठेवावी. न घसरणारी बंद पादत्राणे, टोपी, पाणी आणि मधुमेह असल्यास साखर जवळ असू द्यावी. चिखलात उतरू नये. ऊन चढण्यापूर्वी परतावे.

घरी आल्यावर काय काय पाहिले, हे ज्येष्ठांनाच सांगू द्यावे. ज्याच्याकडे सांगण्यासारखे काही असते, तो पुढच्या फेरीची वाटही पाहतो.